ॲप्रनच्या खिशात मावेल असं काय घ्यावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला पत्रं मोप आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, दवाखान्याच्या कामाला हातात धरता येईल असं एखादं यंत्र पाहिजे, पैसे बेताचे आहेत, काय घेऊ. इंटर्नपासून आशाताईच्या लेकीपर्यंत सगळ्यांनी लिहिलंय. निवडक पत्रं घेतली, नावं कुणाचीच टाकली नाहीत.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी अंबाजोगाईला इंटर्नशिप करतोय. माझा फोन चार वर्षांचा झाला, वॉर्डात औषधाचा डोस बघायला ॲप उघडलं की नुसतं फिरत बसतं आणि तोपर्यंत राऊंड पुढच्या बेडवर गेलेला असतो. स्टायपेंडमधून साठवून १४ हजार जमलेत. रूममेट म्हणतो ईएमआयवर आयपॅड घे, घरचे म्हणतात फोनच चांगला घे. वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत वापरायला, रात्री पीजीच्या अभ्यासाला, टॅब घेऊ का फोन? मॉडेलचं नावच सांगितलं तर लई बरं होईल.

उत्तर : तुला तू म्हणते, चालंल ना, माझं लेकरू तुझ्याच वयाचं आहे. पहिली गोष्ट म्हणजे ईएमआय डोक्यातून काढून टाक. इंटर्नशिप संपली की स्टायपेंड बंद होतो, हप्ता बंद होत नाही, आणि मग पीजीची फी भरायच्या दिवसात वडिलांकडं हात पसरायची पाळी येते. १४ हजार जमलेत ना, मग १४ हजारातच बसवायचं.

मॉडेलचं नाव मी सांगणार नाही, कारण हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत ते मॉडेल दुकानातून गेलेलं असतंय. कसं पारखायचं ते सांगते, ते दोन-चार वर्षं तरी कामाला येईल.

दुकानात जाताना ॲप्रन घालून जा. कोण काय म्हणेल याचा विचार करू नको. १० किंवा ११ इंची टॅब ॲप्रनच्या खिशात जात नाही, मग तो हातात धरावा लागतो, हातात स्टेथो, बीपीची मशीन, केसपेपर, मग टॅब सिस्टरच्या टेबलावर राहतो आणि तू परत खिशातला जुना फोनच काढतो. मी हे डझनभर पोरांचं बघितलंय. ८ ते ८.७ इंची टॅब खिशात उभा बसतो, पण पाव किलोच्या वरच वजन असतंय, दिवसभर एका बाजूनं खिसा ओढतो, आणि त्यातले बरेच फक्त वायफायवर चालणारे. वॉर्डात वायफाय कुठं आलंय, मग फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवायचा आणि दुपारी दोनला फोन मेला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तू आत्ता फोन घे. रात्री तीनला कॅज्युअल्टीत पळताना तुझ्यासोबत फोनच असणार आहे, टॅब रूमवर उशाखाली. अभ्यासाला टॅब चांगला हे खरंय, डोळ्याला त्रास कमी होतो, पण तो पुढं कधीतरी वापरलेला घेता येईल, त्याला घाई नाही. वॉर्डात फिरत बसणारा फोन मात्र आज बदलायला पाहिजे, कारण तिथं अडचण तुझी नाही, पेशंटची होते.

आता फोन बघताना. रॅम खरी ६ जीबी तरी पाहिजे. डब्यावर मोठ्या अक्षरात ८ लिहिलेलं असतंय आणि बारीक अक्षरात ४ अधिक ४, तर त्यातले दुसरे ४ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरायला दिलेला असतो, त्यानं फार फरक पडत नाही, खरी रॅम ४च धरायची. स्टोरेज १२८ च्या खाली घेऊ नको, सिस्टीमच १५-२० जीबी खाऊन बसते. मग सेटिंगमध्ये अबाऊट फोनला जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघ, दुकानातल्या नव्या फोनवर जर वर्षापूर्वीची तारीख दिसत असंल तर ती कंपनी पुढंही तुझ्याकडं बघणार नाही. कॅमेरा किती मेगापिक्सेल आहे, मागं किती डोळे आहेत, याच्या नादी लागू नको.

आणि सगळ्यात मोठी परीक्षा. दुकानातच तुझ्या अकाउंटनं तू रोज वापरतोस ते डोसचं ॲप टाकून घे, त्याचा डेटा डाउनलोड होऊ दे, आणि मग फोन विमान मोडवर टाक. आता ॲप उघड. औषध शोध. डोस दिसला तर ठीक. "नो इंटरनेट" आलं तर ते ॲप तुझ्या कामाचं नाही, फोन कितीही महागाचा असू दे. लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही गचके खातोय हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही, आणि पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, पोस्टिंग लागलं तर काही ठिकाणी रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात असते.

नेटशिवाय डोस दिसला पाहिजे असं मी का म्हणते बघ. १२ किलोचं लेकरू तापानं फणफणतंय, पॅरासिटामॉल किलोला १५ एमजी धरलं तर झालं १८० एमजी. आता स्टोअरमधून सिरप येतंय ते कधी ५ एमएलमध्ये १२० एमजीवालं, कधी २५० वालं, बाटल्या दिसायला सारख्याच. पहिल्यातलं ७.५ एमएल द्यायचं, दुसऱ्यातलं ३.६. दिवसभर ७.५ सांगून सांगून तोंडात बसलेलं असतंय आणि २५० वाल्या बाटलीतनं तेवढंच गेलं की लेकराला दुपटीपेक्षा जास्त डोस गेला. चोवीस तास जागा असलेला माणूस ही चूक करतो, मीही एकदा करता करता वाचले, सिस्टरनं बाटली फिरवून लेबल दाखवलं म्हणून. म्हणून खिशात कॅल्क्युलेटर पाहिजे, आणि बाटलीवरचं लेबल वाचायची सवयही पाहिजे. एआयला डोस विचारायची नवीन फॅशन निघालीय ती मात्र नको, ते चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतंय.

दुसरं, साधं घड्याळ. आपल्या भागात पावसाळा लागला की साप चावलेली माणसं येतातच, तूर-सोयाबीनच्या रानातनं, कुणी पाणी द्यायला रात्री गेलेला. चावलेलं घोणस-फुरसं आहे का हे कळायला २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट करायची असते, नव्या कोरड्या स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ एमएल रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, २० मिनिटांनी एकदाच तिरपी करून बघायची. गोठलं नाही, तसंच वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लावायचं. आता २० मिनिटं म्हणजे २०च, बाराव्या मिनिटाला नातेवाईक गोंधळ घालतात म्हणून ट्यूब उचलून बघायची नाही. फोनवर टायमर लाव आणि ट्यूबशेजारीच ठेव. आणि ट्यूब चांगली गोठली म्हणून नाग-मण्यारला विसरू नको, त्यांचं विष नसांवर जातं, तिथं पापण्या जड होतात का, मान धरवते का, श्वास कसा चाललाय हे डोळ्यानंच बघावं लागतंय, त्याला ॲप नाही.

बॅटरी ५ हजार एमएएच असली की ड्युटी निघते. पॉवर बँक घेणार असशील तर डब्यावरच्या १० हजाराला भुलू नको, तो आकडा आतल्या सेलचा असतो, बाहेर ५ व्होल्टला येईपर्यंत त्यातले ६ हजारच्या आसपास हातात पडतात, बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" म्हणून लिहिलेलं असतंय ते वाच. तुझा फोन साधारण दीड वेळा भरंल. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत फोन ठेवू नको बाबा. कंपन्या स्वतःच ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणून लिहितात आणि आपल्याकडं सावलीत ४२ असतंय.

आता एक जुनी गोष्ट, कारण तुझं पत्र वाचून तीच आठवली. २००३ च्या आसपास आमच्या एका सरांनी हातात मावणारं छोटं यंत्र आणलं होतं, राखाडी स्क्रीन, प्लॅस्टिकची काडी, लहान पेन्सिल सेलवर चालायचं. त्यात त्यांनी चार महिने बसून डोस, नॉर्मल व्हॅल्यू, पेशंटच्या फॉलोअपच्या तारखा भरल्या होत्या, आम्ही सगळे भोवती उभं राहून बघायचो. ते लग्नाला गावी गेले, यंत्र ड्रॉवरमध्ये राहिलं, सेल संपले. आल्यावर सेल बदलले तर सगळं कोरं. त्या काळच्या त्या यंत्रांत माहिती सेलच्या जोरावरच टिकायची, कॉम्प्युटरला जोडून कॉपी काढून ठेवली नाही की गेली. सर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवसापासून परत वही काढली. आता तसं होत नाही, पण फोन चोरीला जातो, पाण्यात पडतो. तुझ्या नोट्सची कॉपी दुसऱ्या कुठंतरी ठेव.

नोट्सची म्हणतेय, पेशंटच्या फोटोंची नाही. एक्स-रे, जखम, केसपेपर यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय सगळ्यांनाच लागलीय, सरांचं मत लगेच मिळतं म्हणून मीही काढलेत. पण पेशंटला विचारून काढायचा, नाव आणि चेहरा झाकायचा, काम झालं की काढून टाकायचा, आणि फोटो आपोआप गूगलवर चढतात ते बॅकअप त्यांच्यासाठी बंद ठेवायचं. घरी तुझी बहीण लग्नाचे फोटो बघताना मधेच कुणाची जळालेली मांडी दिसली तर त्या बाईनं ती आपल्याला कशासाठी दाखवली होती? २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आलाय, पण कायदा नसता तरी माझं सांगणं हेच होतं.

प्रश्न : मी परभणीला स्टाफ नर्स आहे. ड्युटीवर फोन सॅनिटायझरनं पुसते तर वर्षभरात स्क्रीनचा चकचकीतपणा गेला, बोट अडकतं. मग पुसायचा का नाही?

उत्तर : पुसायचा, ताई, पण असा. सॅनिटायझरच्या जेलमध्ये ग्लिसरीन वगैरे असतंय, ते चिकट राहतं, ते नको. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घ्यायचं, फोनवर शिंतडायचं नाही, चार्जिंगच्या भोकात जाऊ द्यायचं नाही, ब्लीच तर अजिबात नको. काचेवर तेल न चिकटणारा एक थर असतो तो कितीही जपलं तरी हळूहळू जातो, म्हणून वरून साधी स्वस्त काच लावा आणि तीच बदलत राहा.

त्याहून सोपं म्हणजे ड्युटीला फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, मेथी निवडून ठेवतो ना तसली. पिशवीवरून टच व्यवस्थित चालतो, बोलताही येतं, ड्युटी संपली की पिशवी कचऱ्यात. आणि ग्लोव्हज घातलेल्या हातानं फोन उचलायचा नाही, फोन ठेवल्यावर हात धुतल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. फोन कितीही पुसला तरी हे चुकलं तर उपयोग नाही.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहे. मिळालेला टॅब फार हळू झालाय, एक एंट्री करायला दहा मिनिटं, ओपीडीची माणसं बाहेर ताटकळत. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर, डॉक्टर लागले तर आवाज तुटतो. स्वतःच्या पैशानं दुसरा घ्यावा असं वाटतंय, नाहीतर फॉरमॅट मारावा. काय करू मॅडम?

उत्तर : ताई, आधी फॉरमॅटला हात लावू नका. नेट नसताना भरलेल्या एंट्र्या टॅबमध्येच अडकून बसलेल्या असतात, वर चढलेल्याच नसतात, फॉरमॅट मारला की तुमची महिन्याची मेहनत गेली आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. एका बाईचं असंच झालं, तिनं रजिस्टर समोर घेऊन रात्री जागून परत सगळ्या गरोदर मायांच्या नोंदी भरल्या. आधी चांगल्या रेंजमध्ये जाऊन सगळं सिंक करा, पेंडिंग शून्य दिसलं पाहिजे, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, मग तालुक्याच्या माणसाला सांगून पुढचं बघा.

फॉरमॅटशिवायही बरंच सुधारतंय. स्टोरेज बघा, ९० टक्क्यांच्या वर भरलं असंल तर टॅब रांगणारच, व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग आणि व्हिडिओ काढून टाका, नको ती ॲपं काढा, कामाच्या ॲपचा फक्त कॅशे साफ करा. तिथंच खाली "क्लिअर डेटा" असतंय, त्याला चुकूनही हात लावू नका, न चढलेल्या एंट्र्या त्यानंच उडतात.

आवाज तुटतो त्यात टॅबचा दोष कमी, रेंजचा जास्त. उपकेंद्रावर कोणत्या कंपनीची रेंज चांगली हे गावातल्या चार जणांच्या फोनवर बघा आणि तेच सिम टाका, आपल्याकडं दोन किलोमीटरवर चित्र बदलतं. टॅब खिडकीत ठेवा, पत्र्याखाली मधोमध नको. आणि दहा रुपयाचा नाही पण बरा वायरचा इअरफोन वापरा, समोरच्या डॉक्टरला तुमच्या पेशंटची धाप ऐकू गेली पाहिजे.

स्वतःच्या पैशानं घ्यायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. सरकारी काम आहे, यंत्र सरकारनं द्यावं, लेखी मागा, तारीख टाकून मागा, पोच घ्या. दरवेळी आपल्याच बायकांनी खिशातनं भागवायचं आणि वर सगळं सुरळीत चालू आहे असं दिसायचं, हे मला पटत नाही.

प्रश्न : गेवराई भागात माझं जनरल प्रॅक्टिसचं छोटं क्लिनिक आहे. मोबाईलला जोडायचा खिशात मावणारा सोनोग्राफीचा प्रोब ऑनलाइन दिसतो, मोठ्या मशीनपेक्षा किती तरी स्वस्त. पोटदुखी, मूतखडा बघायला घ्यावा का? रजिस्ट्रेशनची भानगड मोठ्या मशीनलाच असते ना?

उत्तर : नाही डॉक्टर, असं अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. गर्भलिंग निदानाचा कायदा मशीनचा आकार बघत नाही. ज्या यंत्रानं पोटातलं लेकरू दिसू शकतं ते सगळं त्यात येतं, मग ते खोलीभर असू दे का खिशात मावणारं. केंद्राची नोंदणी लागते, त्या नोंदणीत ते मशीन चढवावं लागतं, चालवणारा माणूस त्या कायद्याप्रमाणं पात्र लागतो, आणि नोंदणी नसलेल्याला विकणारा सुद्धा गुन्हेगार. हातातल्या छोट्या मशीनवर तर नियम उलट जास्त कडक आहेत, ते पिशवीत घालून गावोगाव फिरवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड, वर मेडिकल कौन्सिलचं जे व्हायचं ते वेगळं. "मी फक्त मूतखडा बघत होतो" हे सांगून सुटका नाही. तुमचं शिक्षण, तुमचं क्लिनिक यात बसतं का हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या ऑफिसला जाऊन लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत ऑनलाइनच्या त्या बटणाला हात लावू नका.

तुम्ही बीड जिल्ह्यातले आहात म्हणून थोडं जास्त लिहिते. महाराष्ट्रानं हा कायदा सगळ्या देशाच्या आधी, १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं मुली निघाल्या ८०७. त्याआधीच्या, २००१ च्या जनगणनेत त्या ८९४ होत्या. म्हणजे कायदा असताना, बोर्ड लावलेले असताना, मशीनी सील होत असताना हे घडलं, आणि करणारे अडाणी नव्हते, आपल्यासारखेच शिकलेले, ॲप्रन घातलेले. मी त्या वर्षांत बाळंतपणं केलीत. तिसरी मुलगी झाली की सासू लेबर रूमच्या दारातनं परत फिरायची आणि आतली बाई सिस्टरला विचारायची, गेल्या का हो त्या? ती बाई अजून डोळ्यापुढं आहे. त्यामुळं खिशात मावणारी सोनोग्राफी म्हटलं की मला आधी किंमत नाही सुचत, डॉक्टर, हे सुचतं.

मूतखड्याच्या पेशंटला तालुक्याला नोंदणी असलेल्या सेंटरला पाठवा. तुमच्या क्लिनिकला पैसे घालायचेच असतील तर दंडावर बांधायची, प्रमाणित केलेली बीपीची मशीन घ्या, मोठ्या आणि लहान दंडासाठी वेगळे पट्टे असलेली, मनगटावरची नको, हात थोडा खाली-वर झाला की तिचा आकडा बदलतो. आणि एक ग्लुकोमीटर, पण घेताना मीटरची नाही, पट्टीची किंमत बघा. मीटर जवळपास फुकट देतात आणि पट्ट्यांत वसूल करतात. पट्टी तुमच्या गावच्या मेडिकलवर वर्षभर मिळाली पाहिजे, डबी उघडल्याची तारीख वर लिहिली पाहिजे आणि उन्हाळ्यात ती डबी खिडकीत राहता कामा नये. चांगल्या मीटरलाही साखर १०० च्या वर असताना १५ टक्के इकडं-तिकडं चालतं असं प्रमाण आहे, म्हणजे २०० दाखवलं तर खरी १७५ ही असू शकते, २३० ही, तेव्हा एका आकड्यावर गोळी वाढवू नका. हे तुम्हाला माहीत आहेच, इतर वाचकांसाठी लिहिलं.

प्रश्न : माझी आई कंधार तालुक्यात आशा आहे. तिचा फोन मोडलाय. मी बारावीला आहे, सुट्टीत काम करून ७ हजार जमवलेत, तिला सरप्राईज द्यायचंय. तिला चष्मा आहे आणि इंग्रजी वाचता येत नाही. कोणता घेऊ?

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

सरप्राईज दे पण फोन तिच्या हातात देऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नको, म्हणजे काहीतरी निमित्त काढून तिला दुकानात ने. तिला काय लागतं बघ. उन्हात दिसणारी स्क्रीन, म्हणून फोन घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात उभी राहा आणि तिला वाचायला लाव. आवाज मोठा, कारण ती गिरणीजवळ, रस्त्यावर बोलणार. अक्षर सेटिंगमध्ये सगळ्यात मोठं करून आणि भाषा मराठी करून बघ, काही फोनवर मोठं अक्षर केलं की बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात. तिच्या कामाचं ॲप त्यावर टाकून, उघडून, एक फॉर्म भरून बघ, ७ हजारात मिळणाऱ्या काही नव्या फोनवर ते रडतंखडतं चालतं.

म्हणूनच मी म्हणेन की अनोळखी कंपनीच्या नव्या फोनपेक्षा ओळखीच्या कंपनीचा दोन वर्षं वापरलेला फोन घे, ज्याचा चार्जिंगचा जॅक आणि बॅटरी कंधारला नाहीतर नांदेडला बदलून मिळते. माझ्याच भाचीनं स्वस्तातला टॅब घेतला होता, सहा महिन्यांत जॅक ढिला झाला, दुरुस्तीला पुण्याला पाठवा म्हणाले, जायचा-यायचा खर्च टॅबच्या निम्मा. पडून आहे अजून.

वापरलेला घेताना एवढं कर. त्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर येतो. मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत के, वाय, एम लिहून जागा सोडून तो नंबर टाक आणि १४४२२ ला पाठव. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट आलं तर फोन चोरीचा किंवा गडबडीचा, तिथंच ठेव. जुन्या मालकाचं गूगल अकाउंट त्याच्यासमोरच काढून घे. पाठ सपाट टेबलावर ठेवून बघ, डुलला तर आतली बॅटरी फुगलीय. बिल माग. बिल देत नसंल तर दुसरं दुकान.

आणि ७ हजारातले ५०० बाजूला ठेव, चांगला चार्जर आणि गळ्यात अडकवायची दोरी असलेलं कव्हर घे. आशाताईचे फोन घरात कमी आणि रिक्षात, बांधावर, बाळंतिणीच्या खाटेवर जास्त पडतात.

प्रश्न : उदगीरहून लिहितोय. आजीला जुना दमा आहे. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की ऑक्सिजन दाखवणारं ॲप भाऊजींनी टाकून दिलंय, कायम ९८ दाखवतं. ऑक्सिमीटर घ्यायची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि ते ॲप आजच काढून टाका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये लाल आणि न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातनं आरपार जातात आणि त्यावरून हिशोब होतो, साध्या फोनच्या कॅमेऱ्याजवळ तशी सोयच नाही. आजीला धाप लागलेली असताना ९८ बघून तुम्ही घरी बसाल, भीती त्याची आहे.

मेडिकलमधनं घ्या, बिल घ्या, एमआरपी बघून घ्या, २०२१ मध्ये सरकारनं या यंत्रावरचा नफा मर्यादित केला होता. दुकानातच स्वतःच्या बोटाला लावा आणि दुसऱ्या हातानं स्वतःची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा, यंत्रावरचा नाडीचा आकडा जवळपास जुळला पाहिजे. आजीला लावताना नखाची मेंदी-नेलपॉलिश नसलेलं बोट घ्या, हात गार असंल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, आकडा उड्या मारायचा थांबला की मग वाचा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, म्हणून आकडा चांगला पण आजी बोलताना वाक्य पुरं करू शकत नाही, ओठ निळसर, मान-बरगड्या ओढतात, असं असंल तर आजीचं खरं माना, यंत्राचं नाही, आणि गाडी काढा.

शिवाय जुन्या दम्याच्या काही माणसांचा नेहमीचाच आकडा ९५ च्या खाली असतो. तुमच्या आजीचा किती, आणि किती झालं की निघायचं, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा आणि आजीच्या खाटेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, त्याच्याखाली ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर.